राजा बोलायच्या आधीची दोन मिनिटं

(आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर आधी निवेदिका आणि पुढे ड्यूटी ऑफिसर म्हणून काम केलेल्या आमच्या स्तंभलेखिका रेडिओ-टीव्हीबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी बरेच प्रश्न राजे-राण्यांच्या खास भाषणांबद्दलचे आहेत.)

प्रश्न : ताई, माझा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. दर नाताळला रात्री आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला. साडेआठ वाजले की सून म्हणते, ‘आई, दहा मिनिटं थांबा, किंगचं भाषण आहे.’ तिथली मोठी चॅनेलं म्हणे एकदमच तेच दाखवतात. तिथल्या दुपारी तीनचीच वेळ कोणी ठरवली? आणि सगळ्यांकडे एकच चित्र कसं येतं?
(एक वाचक, रविनगर, नागपूर)

काकू, ती वेळ टीव्हीने ठरवलेलीच नाही, रेडिओने ठरवली. २५ डिसेंबर १९३२ला पाचवे जॉर्ज पहिल्यांदा नाताळचा संदेश द्यायला मायक्रोफोनसमोर बसले, तेव्हा बीबीसीची एम्पायर सर्व्हिस, म्हणजे साम्राज्यातल्या श्रोत्यांसाठीची रेडिओ सेवा, सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. दूरदेशी पोचणाऱ्या शॉर्टवेव्ह लहरींवर ती चालायची, आणि शॉर्टवेव्हचा कारभार मोठा लहरी. साम्राज्याच्या जास्तीत जास्त मुलखांत एकाच वेळी बऱ्यापैकी ऐकू जाईल अशी वेळ शोधता शोधता लंडनचे दुपारचे तीन निघाले. आपल्या घड्याळात रात्रीचे साडेआठ.

ते भाषण लिहून दिलं होतं रुडयार्ड किपलिंगने. ज्याच्या गोष्टींतलं जंगल आपल्या जबलपूर रोडवरच्या शिवनीचं, तोच. राजेसाहेब बसले होते सँड्रिंगहॅमच्या वाड्यातल्या जिन्याखालच्या एका लहान खोलीत, आणि कागदाची सळसळ मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून टेबलावर जाड कापड टाकलं होतं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आम्ही निवेदक स्क्रिप्टला कधी स्टेपल मारत नसू. सुटं पान उचलायचं नाही, हलकेच बाजूला सरकवायचं. राजाला काय आणि आकाशवाणी चौकातल्या आम्हाला काय, कागद सारखाच वाजतो.

१९५७ साली, पहिल्या भाषणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून, दुसऱ्या एलिझाबेथ राणीने ते प्रथमच टीव्हीवरून केलं. तोवर वेळ बदलली असती तरी चाललं असतं, पण तीनचे तीनच राहिले. तेव्हा जेवणं उरकलेली असतात आणि घर एका खोलीत बसलेलं असतं. वेळापत्रक आखणाऱ्याला असा ठिकाणा सापडला की तो सोडत नाही. नाताळच्या दिवशी काय आधी लावायचं आणि कोणता सिनेमा नंतर, हे सगळं त्या तीनच्या दोन्ही बाजूंनी मांडलं जातं. राणीच्या कारकिर्दीत फक्त १९६९ साली भाषण झालं नाही. त्या वर्षी राजघराण्यावरचा एक मोठा माहितीपट टीव्हीवर येऊन गेला होता, राणीला वाटलं एवढं दर्शन पुरे. लोकांना मात्र चुकल्या-चुकल्यासारखं झालं, आणि पुढच्या वर्षी भाषण परत जागेवर आलं.

आता एकच चित्र कसं, तर कॅमेरे एकाच संस्थेचे असतात. १९९६पर्यंत हे काम बीबीसीकडेच होतं. १९९७पासून बीबीसी आणि आयटीएन (खासगी वाहिन्यांना बातम्या पुरवणारी संस्था) यांच्यात पाळी सुरू झाली, २०११पासून स्काय न्यूजही त्यात आली. दोन-दोन वर्षांची पाळी. (१९९५ साली बीबीसीनेच डायनाची ती गाजलेली मुलाखत दाखवली होती. ती मुलाखत आणि बीबीसीची मक्तेदारी जाणं यांचा लोकांनी संबंध जोडला, राजवाड्याने तो नाकारला. आपण काय बोलणार!) ज्याची पाळी त्याने दिवे-कॅमेरे लावायचे, एडिट करायचं आणि बाकीच्यांना तयार फीड, म्हणजे जोडायला तयार चित्र आणि आवाज, द्यायचं. अट एवढीच की ठरलेल्या वेळेआधी एक शब्दही बाहेर पडता कामा नये. १९९२ साली ‘द सन’ने दोन दिवस आधीच मजकूर छापून टाकला. राणीच्या वकिलांनी बडगा उगारला, आणि शेवटी वर्तमानपत्राला माफी मागून दोन लाख पौंड धर्मादाय द्यावे लागले.

सुनेला म्हणावं, तू ऐक, मी थांबते.

प्रश्न : अशी भाषणं लाइव्ह असतात की आधी टेप केलेली? टेप असेल तर ‘राजाने देशाला संबोधित केलं’ असं म्हणणं बरोबर आहे का?
(एक निवृत्त शिक्षक, वर्धा)

सर, बहुतेक टेपच असतात, आणि त्यात लबाडी काहीच नाही. १९५७चं भाषण लाइव्ह होतं. १९६०पासून ते आधी ध्वनिचित्रमुद्रित होऊ लागलं, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला त्यांच्या नाताळच्या दिवशी दाखवायचं तर टेप विमानाने आधी पोचायला पाहिजे. त्याहीआधी १९५१ साली सहाव्या जॉर्जचं फुप्फुसाचं ऑपरेशन झालेलं होतं. सलग बोलणं जमेना म्हणून त्यांचं रेडिओ भाषण थोडं थोडं करत ध्वनिमुद्रित केलं गेलं. त्या माणसाला मुळातच बोलताना अडखळायला व्हायचं. त्याला टेपची सोय मिळाली म्हणून कुणाचं काय बिघडलं?

स्पेनचं उदाहरण तर टेपच्या बाजूने मोठी साक्ष आहे. २३ फेब्रुवारी १९८१च्या संध्याकाळी बंडखोर सिव्हिल गार्ड (तिथलं निमलष्करी पोलीस दल) बंदुका घेऊन संसदेत घुसले. सरकारी टीव्हीचं केंद्रही काही वेळ सैनिकांच्या ताब्यात होतं. ते सुटल्यावर कॅमेऱ्याची माणसं राजवाड्यावर गेली, राजा हुआन कार्लोस सरसेनापतीच्या गणवेशात बसले, आणि टेप केलेलं ते छोटंसं भाषण रात्री सव्वा वाजता लागलं. राजा बंडाच्या बाजूने नाही, हे देशाला तेव्हा दिसलं. मध्यरात्र उलटून गेल्यावरसुद्धा लोक सेटसमोर जागे होते. प्रसारणाला याहून वाईट वेळ नसेल आणि याहून मोठा श्रोतृवर्गही नसेल.

लाइव्हचीही आपली ताकद असते. डायनाच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, ५ सप्टेंबर १९९७ला, राणी संध्याकाळी सहाला बकिंगहॅम राजवाड्यातून थेट बोलली. पाठीमागची खिडकी उघडी होती आणि बाहेरची गर्दी चित्रात दिसत होती. ‘राणी आम्हाला भेटतच नाही’ म्हणून रागावलेले लोक तिच्या खांद्यामागे उभे. ती चौकट ज्याने आखली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. आणि डेन्मार्कमध्ये ३१ डिसेंबरला संध्याकाळी सहाचं भाषण थेटच असतं. २०२३ला मार्ग्रेथे राणीने त्या भाषणात शेवटाकडे सांगून टाकलं की १४ जानेवारीला मी पायउतार होणार. देशात जवळजवळ कुणालाच पत्ता नव्हता. टेप असती तर हे दोन दिवस तरी पोटात राहिलं असतं का, तुम्हीच सांगा.

प्रश्न : एखादं खासगी चॅनेल ‘आम्ही दाखवणार नाही’ म्हणू शकतं का?
(एक वकील, सिव्हिल लाइन्स, नागपूर)

ब्रिटनमध्ये म्हणू शकतं. चॅनेल फोर तर १९९३पासून नाताळला स्वतःचं ‘पर्यायी’ भाषण दाखवतं. २०२०ला त्यांनी संगणकावर तयार केलेली नकली राणीच बोलायला लावली. खोट्या व्हिडिओंपासून सावध करायचा उद्देश. मला ते रुचलं नाही, पण बंदी घालावी असंही नाही.

थायलंडमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे राजघराण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं रोज रात्री आठच्या सुमाराला सगळ्या वाहिन्यांवर लागत आल्या आहेत. आणि नेपाळचं बघा, १ फेब्रुवारी २००५च्या सकाळी राजा ज्ञानेंद्र सरकारी टीव्हीवर आले, सरकार बरखास्त केल्याचं सांगितलं, आणि देशातले फोन बंद पडले. तिथे ‘आम्ही दाखवणार नाही’ म्हणायला फोन तरी लागायला हवा नं!

प्रश्न : आमच्या भोसल्यांचा असा काही संदेश नागपूर रेडिओवरून कधी झाला होता का? आजोबा सांगायचे की झाला होता.
(एक वाचक, महाल, नागपूर)

भाऊ, गादीवरच्या राजाचा संदेश म्हणाल तर शक्य नाही. तिसरे रघूजी १८५३ साली गेले, १८५४ला डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि नागपूरला आकाशवाणी आली १९४८ साली. आजोबांनी दसऱ्याच्या कार्यक्रमाचा वृत्तांत वगैरे ऐकला असेल.

प्रश्न : राणी गेली तेव्हा बीबीसीचा निवेदक बातमी यायच्या आधीच काळा टाय लावून बसला होता, असं वाचलं. हे शोभतं का? आपल्याकडे काय करतात?
(एक वाचक, अमरावती)

शोभतं. ८ सप्टेंबर २०२२ला राणीची तब्येत चिंताजनक असल्याचं दुपारी कळलं, बीबीसी वनने नेहमीचे कार्यक्रम थांबवले, आणि निधनाची घोषणा संध्याकाळी साडेसहाला झाली. मधल्या तासांत निवेदक काळ्या टायमध्ये होता. बातमी आल्यावर कॅमेऱ्यासमोर टाय बदलता येत नाही. रंगीत टाय लावून ती बातमी वाचली असती तर पुढची पन्नास वर्षं तेच ऐकवलं असतं. थायलंडचा राजा भूमिबोल १३ ऑक्टोबर २०१६ला गेला, तेव्हा वाहिन्यांचा रंगच काढून घेतला गेला. पडदा कृष्णधवल झाला.

रेडिओवर कपडे दिसत नाहीत. आमचा काळा टाय म्हणजे सारंगी. राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला की फिल्मी गाणी बंद, जाहिराती बंद, शास्त्रीय वादन आणि भजनं सुरू. घरोघरी लोक वाद्य ऐकूनच विचारायचे, ‘कोण गेलं बाप्पा?’

प्रश्न : मॅडम, मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी आहे. राजाच्या किंवा राष्ट्रपतींच्या भाषणात वाहिनीला ‘प्रेझेंट’ करण्यासारखं असतंच काय? ‘आता ऐका’ म्हणायचं आणि लिंक जोडायची. त्यापेक्षा आपल्या न्यूज चॅनेलवर काउंटडाउन, पाहुणे, चर्चा असते, ते निदान लोकांना धरून तरी ठेवतं.
(एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर)

बरं झालं विचारलंस. वाहिनीचं काम भाषणात नसतंच मुळी, ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन मिनिटांत असतं. लग्नात अंतरपाट बाजूला होतो तो क्षण सगळ्यांना आठवतो. तो धरून उभ्या असणाऱ्यांचे हात कुणाला आठवत नाहीत. आम्ही ते हात.

‘आता ऐका’ म्हणणं एवढं सोपं असतं का ते सांगते. ११ डिसेंबर १९३६च्या रात्री आठवे एडवर्ड विंडसरच्या वाड्यातून बोलणार होते. आदल्या दिवशी त्यांनी राज्यत्यागावर सही केली होती, आणि ११ तारखेला तो अमलात आल्यावर ते राजे राहिले नव्हते. मग रेडिओवर त्यांना काय म्हणून पुकारायचं? बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ स्वतः गेले आणि ‘हिज रॉयल हायनेस प्रिन्स एडवर्ड’ एवढं म्हणून बाजूला झाले. राजा गेला, राजपुत्र उरला, आणि ते जगाला समजलं त्या एका वाक्यातून. त्यात एक विशेषण जास्त घातलं असतं तरी नासलं असतं.

दुसरं उदाहरण जपानचं. १५ ऑगस्ट १९४५, दुपारचे बारा. सम्राट हिरोहितो यांचा आवाज प्रजेने तोवर कधी ऐकलाच नव्हता. आदल्या रात्री राजवाड्यात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भाषण घेतलं. शरणागती नको असलेले काही अधिकारी त्या तबकड्या पळवायला राजवाड्यात घुसले, पण त्यांना त्या सापडल्या नाहीत. दुपारी महत्त्वाचं प्रसारण आहे, सर्वांनी ऐकावं, हे लोकांना आधीच कळवलं होतं. बारा वाजता निवेदकाने श्रोत्यांना उभं राहायला सांगितलं. राष्ट्रगीत, मग तबकडी, मग पुन्हा राष्ट्रगीत. पण सम्राटांची भाषा जुनी दरबारी, त्यात खरखर. युद्ध संपलं की चालू ठेवायचं आहे, हेच कित्येकांना उमगेना. म्हणून निवेदकाने तो सगळा मजकूर पुन्हा वाचला, आणि लोकांना अर्थ लागला तो तेव्हा. सांग मग, प्रेझेंटेशन कशाला म्हणतात?

याच घराण्याचा पुढचा धडा मला अजून आवडतो. २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर १६ मार्चला सम्राट अकिहितो यांचा संदेश टीव्हीवर लागला. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मध्ये तातडीची बातमी आली तर माझं बोलणं तोडा. स्वतःपेक्षा बुलेटिन मोठं आहे हे ज्याला कळतं, त्याच्यासाठी ड्यूटी ऑफिसर जिवाचं रान करते.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे राजा नाही, पण २५ जानेवारी आणि १४ ऑगस्टला राष्ट्रपतींचं भाषण असतं. संध्याकाळी सातला आकाशवाणीचं राष्ट्रीय जाळं आणि दूरदर्शन, आधी हिंदी, लगेच इंग्रजी. रात्री साडेनऊला आकाशवाणीवर प्रादेशिक भाषांतली रूपांतरं. आमच्या ड्यूटी रूममध्ये फिक्स्ड पॉइंट चार्टवर (हलवता न येणाऱ्या वेळांचा तक्ता) त्या दिवशी लाल रेघ मारलेली असायची. सातला दिल्लीचं सहक्षेपण (तिकडचं प्रसारण त्याच क्षणी इथूनही लावणं) म्हणजे आधीचा कार्यक्रम असा निवडायचा की तो नेमका संपेल; आलाप लांबवणारा गायक त्या दिवशी नको. हाताशी वादनाची एक तबकडी फिलर म्हणून. मग उद्घोषणा: पद, नाव, निमित्त. बस. ‘महान’, ‘ऐतिहासिक’, ‘संपूर्ण देश ज्याची वाट पाहून राहिला आहे ते’ असलं काहीही नाही. नंतर चार-पाच सेकंदांची शांतता आणि पुढचा कार्यक्रम. त्याच वेळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम पुढे ढकलला की काटोल-नरखेडचे संत्रावाले पोस्टकार्ड टाकत, ‘भाषण ऐकलं, आता कोळशीवरच्या फवारणीचं कधी सांगता?’ ती पत्रं मी आवडीने वाचत असे. जे बाजूला सरकवलं ते परत कुठे ठेवायचं, हाही वेळापत्रकाचाच भाग आहे, आणि तो शिकवायचं लोक विसरतात.

तुझ्या काउंटडाउनबद्दल. पडद्याच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ, खाली पट्टी, डावीकडे तीन पाहुणे, उजवीकडे तीन, आणि सहाही जण जे अजून बोललंच गेलं नाही त्याबद्दल ठाम. भाषण संपायच्या आत ‘मोठे मुद्दे’ पडद्यावर. हे लोकांना धरून ठेवतं म्हणतेस, मला वाटतं दमवतं. बोलणाऱ्याचं पहिलं वाक्य ऐकेपर्यंत माणसाचे कान भरलेले असतात.

५ एप्रिल २०२०ची रात्र आठवून बघ. रात्री नऊला आपल्याकडे नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. आमच्या धरमपेठेत लोक गच्चीवर, कुणी थाळ्याही वाजवून राहिले होते, आणि घराघरातून चॅनेलवाल्यांचा आरडाओरडा. त्याच रात्री साडेबाराला, म्हणजे तिकडच्या रात्री आठला, मी इंग्लंडच्या राणीचं भाषण लावलं. विंडसरच्या खोलीत तिच्यासोबत फक्त एक कॅमेरामन होता, तोही तोंड-हात झाकून. बाकीचे तंत्रज्ञ दुसऱ्या खोलीत. पट्टी नाही, घड्याळ नाही. ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी ४० लाख लोकांनी ते पाहिलं. एवढे लोक कुणी काउंटडाउन लावून गोळा केले नव्हते. नाताळ सोडून ती फार क्वचित बोलायची: १९९१च्या आखाती युद्धात, डायना गेली तेव्हा, आई गेली तेव्हा, २०१२च्या हीरक महोत्सवाला, आणि मग ही. मे महिन्यात, ८ मे २०२०ला, ती पुन्हा आली ती रात्री नऊला, कारण पंच्याहत्तर वर्षांपूर्वी युरोपातलं युद्ध संपलं त्या दिवशी तिचे वडील रेडिओवर बोलले होते ते बरोबर त्याच वेळी. त्या दिवशी घड्याळाचा काटाच निवेदनाचं काम करत होता.

तुझ्या सरांनी प्रोजेक्ट दिलं तर असं कर. एक खास भाषण घे, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या दहा मिनिटांचं क्यू शीट, म्हणजे केव्हा काय लागणार याचा तक्ता, लिही, सेकंदांसकट. भाषणाच्या जागी नुसती कोरी चौकट ठेव. काय तोडलं, काय ढकललं, निवेदकाचं वाक्य काय, फीड तुटलं तर कोणती तबकडी, सगळं त्यात आलं पाहिजे. आणि निवेदकाचं वाक्य बारा शब्दांच्या वर गेलं तर परत लिही.

प्रश्न : ही परदेशी भाषणं आपल्या वेळेनुसार कधी आणि कुठे पाहायची?
(एक वाचक, गोंदिया)

स्पेनच्या राजाचं २४ डिसेंबरला तिथल्या रात्री नऊला, म्हणजे आपली तारीख पालटून रात्री दीडला. ब्रिटनचं २५ डिसेंबरला आपल्या रात्री साडेआठला. राजघराण्याचं २००७पासून यूट्यूब चॅनेल आहे, १९५७चं जुनं भाषणही तिथे सापडेल. डेन्मार्कचं ३१ डिसेंबरला आपल्या रात्री साडेदहाला, डॅनिशमध्ये. आणि २५ जानेवारीला संध्याकाळी सातला आपल्या राष्ट्रपतींचं विसरू नका. मराठीत हवं असेल तर आकाशवाणीवर रात्री साडेनऊला लावा.